मागच्या दारावरची पट्टी

आमच्या थोरल्या आत्याने आयुष्यभर दात घासले ते दुसऱ्यांचे, आणि तेही तोंडात एकही दात न उरलेल्यांचे. ती कवळ्या बनवायची. दातांच्या डॉक्टरांकडून साचे यायचे, आत्या त्यावर मेणाची हिरडी उभी करायची, दात बसवायची आणि घासूनपुसून लखलखीत कवळी परत पाठवायची. गल्लीत तिला कवळीवाली म्हणत. टोचते म्हणून आपली एकही कवळी कधी परत आली नाही, असं ती सांगते. यात थोडी फेकाफेक असेल, पण थोडीच.

तिच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या आतोबांना, वेगळाच नाद होता. झाकायचा. टीव्हीच्या रिमोटला प्लॅस्टिकची पिशवी, सोफ्याला खोळ, खोळीवर चादर आणि चादरीवर वर्तमानपत्र. उन्हाळ्यात पाहुणा उठला की निम्म्या बातम्या त्याच्या बुडाला चिकटून त्याच्या घरी जायच्या. आतोबा माणूस वाईट नाहीत. फक्त वस्तू वापरली की तिचा अपमान होतो, अशी काहीतरी त्यांची समजूत आहे.

गाडी घेतली तेव्हा या नादाला ऊत आला. सीटवरचं कंपनीचं प्लॅस्टिक त्यांनी काढू दिलं नाही. त्यावर कव्हर घातलं, कव्हर मळू नये म्हणून दुसरं कव्हर, त्यावर टॉवेल. बसणारा हळूहळू छताच्या जवळ जात राहिला.

त्याच दिवसांत आत्याने गाडी शिकायचा हट्ट धरला. पाण्याच्या टाकीमागे मोकळं मैदान होतं. फाटकातून गाडी काढायची आतोबांनी, मैदानात तासभर फिरवायची आत्याने आणि परत आणून अंगणात लावायची पुन्हा आतोबांनी, असं ठरलं. फाटक अरुंद आहे, ते बायकांचं काम नाही, हे आतोबांचं मत. आठवडाही झाला नसेल, एका सकाळी आत्या उठून अंगणात आली तर आतोबा मागच्या डाव्या दारावर काळी पट्टी चिकटवून हात पुसत उभे. म्हणाले, काल तू झुडपाला घासलीस, हातभर ओरखडा आलाय, लोकांनी हसू नये म्हणून झाकून टाकला. पट्टी एकाच बाजूला होती, त्यामुळे गाडी नटायला बसली आणि मध्येच उठून आली अशी दिसायची.

तो ओरखडा आत्याने कधी पाहिलाच नाही. ऐकला मात्र जन्मभर. लग्नात, बारशात, हॉस्पिटलात कुणाला बघायला गेलं तरी आतोबा हा किस्सा सांगायचे आणि आम्ही सगळे हसायचो. आत्याने शिकणं सोडलं. ती डाव्या सीटवर मांडीवर डबे घेऊन बसायची, आणि जरा कुठे तिने 'समोरून ट्रक येतोय' म्हटलं की आतोबा एकच शब्द उच्चारायचे. "ओरखडा." आत्या मांडीवरचे डबे सावरायची.

पुढे आतोबांचे गुडघे गेले, गाडी चालवणं सुटलं. गाडी अंगणात भिंतीला लागून ताडपत्रीखाली पडून राहिली. महिन्यातून एकदा आतोबा काठी टेकत जायचे, इंजिन सुरू करून धूर काढायचे, किल्ली बंडीच्या खिशात घालून परत यायचे.

गेल्या वर्षी आमची धाकटी आत्या घरात घसरून पडली आणि तिचं कमरेचं हाड मोडलं. दोन गावं पलीकडे राहते. थोरलीला बस लागते, पहिल्या वळणालाच पिशवी उघडावी लागते. दोघी रोज फोनवर रडायच्या आणि रडून झालं की तिसऱ्या कुणाची तरी निंदा करायच्या. एक दिवस धाकटी म्हणाली, आता तू येशील ती मला पोचवायलाच. गुडघ्याच्या व्यायामाला जाते असं सांगून थोरली सकाळी ड्रायव्हिंग स्कूलला जाऊ लागली. शिकवणारा तिला आजी म्हणाला, तर तिने त्याचे पुढचे दोन दात लवकरच पडणार असल्याचं त्याला सांगितलं. नंतर तो तिला मॅडम म्हणू लागला.

लायसन्स आलं तेव्हा तिने ते जेवताना आतोबांच्या ताटाशेजारी ठेवलं आणि किल्ली मागितली. आतोबांनी लायसन्स पालथं करून पाहिलं, घास गिळला आणि म्हणाले की अशी घाणेरडी गाडी रस्त्यावर काढलीस तर माझी अब्रू जाईल. आधी नवी होती तशी करून दाखव, मग किल्ली. हे होणार नाही याची त्यांना खात्री होती. आत्याने ताट उचललं आणि मला फोन केला.

मी शनिवारी पोचले तर अंगणात बादल्या, कापसाचे बोळे, आणि तिच्या कामाच्या खोलीतून आणलेले सगळे ब्रश ओळीने मांडलेले. आतोबा ओट्यावर खुर्ची टाकून देखरेखीला बसले होते. ताडपत्री ओढली तर आतून पालीचं अख्खं कुटुंब बाहेर पडलं. गाडीचा रंग कुठला, हे मलाही आठवेना.

आधी नुसतं पाणी, मग साबण. वर पाखरांनी जे काही करून ठेवलं होतं त्यावर ओलं फडकं ठेवून भिजू दिलं. आत्या ओरबाडू देत नव्हती. आतल्या फटी, बटणं, हवा येते त्या जाळ्या तिने टूथब्रशने घासून काढल्या. बडीशेप, सेफ्टी पिना आणि कुणाचा तरी एक दुधाचा दात निघाला. तो तिने उजेडात धरून पाहिला आणि "खालचा, पुढचा" असं म्हणून खिशात टाकला.

मग सीट. टॉवेल निघाला, त्याखालचं कव्हर निघालं, त्याखालचं निघालं, शेवटी कंपनीचं पिवळं पडलेलं प्लॅस्टिक. ते टराटरा फाडलं आणि खाली कोरी करकरीत निळी सीट. आम्ही दोघी बघतच राहिलो. या गाडीतून आम्ही लग्नांना गेलो, बाळं घरी आणली, माणसं दवाखान्यात नेली, आणि एकही जण या सीटवर बसला नव्हता. आतोबा ओट्यावरून म्हणाले, बघा, राहिली की नाही नवी.

पुढचे दिवे जुन्या चहाबाजाच्या दातांसारखे पिवळे झाले होते. आत्याला असे दात म्हणजे माहेर. बारीक सँडपेपरने पाणी घालून घासले, मग कवळीला शेवटची चमक आणायची पांढरी पेस्ट फडक्यावर घेऊन गोल गोल. दुपारपर्यंत दिवे स्वच्छ झाले. आतोबांनी खुर्ची जरा मागे सरकवली.

राहिलं मागचं दार. पट्टीच्या कडा उलटल्या होत्या, त्यात काळा मळ साचला होता. हेअर ड्रायरने गरम करत आत्याने ती एका टोकापासून सोलायला घेतली. खाली ओरखडा होता, हातभर, सांगितल्याबरहुकूम. आणि ओरखड्यात, या टोकापासून त्या टोकापर्यंत, हिरवा रंग भरलेला.

आत्याने फाटकाकडे पाहिलं. फाटक आता तपकिरी आहे, पण बिजागरीपाशी पोपडे निघालेत आणि खाली जुना हिरवा दिसतो. त्या फाटकातून आत्याने एकदाही गाडी नेली नव्हती. इतकी वर्षं पट्टीने तो रंग जसाच्या तसा जपून ठेवला होता.

माझ्या तोंडात आलेली शिवी मी इथे लिहीत नाही. आत्या ड्रायर बंद करून पायरीवर बसली.

"लोकांच्या तोंडात केसाचा फरक चालत नाही," ती म्हणाली, "तिथे माझा हात कधी चुकला नाही. आणि मी म्हातारी होईपर्यंत समजत होते की मला अंदाजच नाही."

तिचे डोळे भरून आले. मग तिने नाक पुसलं आणि म्हणाली, काचा राहिल्यात.

संध्याकाळी तिने आतोबांना तपासणीला बोलावलं. ते काठी टेकत गाडीभोवती फिरू लागले. टपावर बोट फिरवलं, चाकात वाकून पाहिलं, आरशावर एक थेंब काढून दाखवला. फिरत फिरत मागच्या डाव्या दाराशी आले आणि थांबले. ते ओरखड्याकडे पाहत होते आणि आत्या त्यांच्याकडे.

"रात्री एकटाच गाडी आत घेत होतो, अंधार होता गं तेव्हा," ते म्हणाले. "मी सांगणार होतो."

"कधी?"

आतोबांनी बंडीच्या खिशातून किल्ली काढून तिच्या तळहातावर ठेवली. एवढं मी घासून काढतो, असंही पुटपुटले. आत्या म्हणाली, हात लावायचा नाही, धाकटीला दाखवायचाय.

रविवारी सकाळी निघालो. पुढे तिच्या शेजारी मला बसवलं, आणि आतोबा मागे, त्याच दारापाशी, मांडीवर डबे घेऊन. उघड्या निळ्या सीटवर त्यांना टेकवेना. खाली घालायला वर्तमानपत्र आणलं होतं, ते आत्याने काढून घेतलं. गाडी हळूहळू फाटकाकडे निघाली. आतोबा पुढे झुकले आणि म्हणाले, "जरा उजवीकडे घे, नाहीतर..."

आत्याने मान वळवली नाही.

"ओरखडा," ती म्हणाली.

आतोबा मागे टेकून बसले. गाडी फाटकातून बाहेर पडली, दोन्ही बाजूंना सारखी जागा सोडून.