सगळ्या बाह्या डाव्या

गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड बेतून कापायचं काम ज्या बाईंकडे होतं, त्यांना सगळे मास्टरबाई म्हणत. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी वजन उतरवा, एवढंच सांगितलं. कसं, ते थोरल्या बहिणीनं ठरवलं. पाव, भात, बटाटे सोडून ती बारीक झाली होती, त्यामुळे तिच्या बोलण्याला भलतीच धार आली होती. मास्टरबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. फळं, दूध, डाळी, सगळंच बंद. हाती घेतलं की तडीस न्यायचं, हा स्वभाव. दोन अंडी आणि काकडीवर दिवस निघू लागला.

आधी डोकं दुखलं, मग चिडचिड सुरू झाली. नवऱ्यानं सकाळी पाव भाजला, तर त्या वासावरूनही भांडण. थोरली फोनवर म्हणायची, होईल सवय. सवय काही होईना. कामावर बाई हातात पट्टी घेऊन उभ्या राहत आणि कशाला घेतली तेच आठवत नसे. त्यांची आई शेवटी पोटच्या मुलींना ओळखेनाशी झाली होती. आता आपली पाळी, ही धास्ती त्यांनी मनातच ठेवली.

मग घोळ झाला. कापडाचे सगळे थर सुलटे, म्हणजे चांगली बाजू वर करून, घातले होते. अशा वेळी बाहीचा साचा एकदा सरळ, एकदा उलटा ठेवायचा, हे त्यांना झोपेतही जमलं असतं. त्या दिवशी तो दोन्ही वेळा सरळच ठेवला गेला. गठ्ठा शिवणाऱ्या बायकांपुढे गेला तेव्हा कळलं, सगळ्या बाह्या डाव्या. मालक रागावले नाहीत. घरी जाऊन आराम करा म्हणाले. ते जास्त झोंबलं.

बाई तडक दवाखान्यात गेल्या. आईचं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी आधी जेवणाचं विचारलं आणि ऐकून कपाळाला हात लावला.

"मेंदू एवढासा, पण शरीराच्या इंधनातला पाचवा वाटा एकटा खातो. त्याला मुख्यतः साखर लागते. ती पाव, भात, डाळी, फळांतून मिळते. नाही मिळाली तर यकृत साठ्यातली देतं, स्नायू झिजवून नवी बनवतं, चरबीतूनही दुसरं इंधन काढतं. काहींना ते मानवतं, तुमच्या बहिणीला मानवलं. तुम्ही तर जेवणच सोडलंत. रक्त तपासू, पण आधी नीट जेवा."

"मग वजन उतरवा म्हणताना हे का नाही सांगितलंत?"

"सांगायला हवं होतं," त्या हळूच म्हणाल्या.

रक्तात काही निघालं नाही. रोज डाळ-भात पोटात जाऊ लागला तसं डोकंही ताळ्यावर आलं. जास्तीच्या बाह्यांतून बाईंनी लहान मापाच्या उजव्या बाह्या कापल्या. थोडं कापड तरी वाया गेलंच. थोरली रुसली, ती रुसलीच. म्हणे, तुला चिकाटीच नाही. हे ऐकून मास्टरबाईंना पुन्हा संताप आला. आणि गुडघे? ते अजून दुखतातच.