वाटीखालचे पाच

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, विलासला तर नाहीच. ऐकायला गोष्ट फालतू आहे — एक फासा, एक स्टीलची वाटी आणि कागदावरची कुस्ती. एवढ्याशाचं काय मनात धरून बसायचं? मीही स्वतःला हेच विचारत आलो.

केबल नुकती आली होती आणि टीव्हीवरच्या परदेशी कुस्त्यांनी आम्हा कॉलेजातल्या पोरांना वेडं केलं होतं. विलासच्या अमेरिकेतल्या मामाने त्याच कुस्त्यांचा बैठा खेळ पाठवला. प्रत्येक मल्लाचं एक कार्ड. दोन फासे टाकायचे, तक्त्यात डाव बघायचा. मी कारेलीबागेतून सायकल हाणत दर रविवारी दुपारी नागरवाड्यात विलासकडे जायचो. खेळात खोट एकच — कुस्ती संपायचीच नाही. दोन-दोन तास. म्हणून मी नियम काढला: साठ फेकींत कुणी चितपट झालं नाही, तर एकच फासा वाटीखाली हलवायचा. तीनपर्यंत आला तर चॅम्पियन जिंकला, चार किंवा वर आला तर त्याला आव्हान देणारा. वाटीची कड फक्त पंचाने उचलायची. पंच अर्थात मीच.

विलासचे आजोबा, तात्या, झोपाळ्यावर बसून ऐकायचे. मोतीबिंदूमुळे त्यांना फारसं दिसत नसे. तरुणपणी ते संस्थानच्या आखाड्यातले मल्ल. त्यांची एक कुस्ती तासभर चालली आणि पाठ टेकली नसताना पंचाने कंटाळून त्यांना हरवलं — हे ते आल्यागेल्याला सांगत. दर खेपेला गर्दी वाढायची आणि महाराजांची खुर्ची थोडी जवळ सरकायची. मला असल्या थाटाचं वावडं. "पंच उगाच कशाला खोटं बोलेल?" असं मी एकदा त्यांना तोंडावर विचारलं होतं.

मग विलासने तात्यांच्या नावाचं कार्ड केलं. समोर आमचा चॅम्पियन, मुखवटेवाला. त्या रविवारी तात्या इस्त्रीचा सदरा घालून बसले होते — पत्त्याएवढ्या कार्डासाठी! दर फेकीला आमच्या इथल्या गुजराती मिसळलेल्या मराठीत विचारायचे, "शूं थयुं, काय झालं? कोण वर आहे?" चाळीस झाल्या. पन्नास झाल्या. झोपाळा थांबला. साठावी फेक झाली तरी कुणी पडेना.

मी वाटी हलवली, पालथी घातली. कड उचलली — माझ्या बाजूने.

पाच.

"दोन," मी म्हणालो, आणि फासा मुठीत घेतला.

का? हे विचाराल, तर मीही बरीच वर्षं विचारत होतो.

तात्यांनी पायाने झोपाळा पुन्हा हलवला. मग हसून म्हणाले, "पंचाला घरी जायची घाई होती काय रे?"

"तात्या, पंच आपला सुधीर आहे!" विलास चिडला.

"असं होय. मग बरोबर असेल."

तात्यांनी ती जुनी कुस्ती सांगणं सोडलं असतं तर बरं झालं असतं. सोडलं नाही, फक्त शेवट बदलला. गर्दी तीच, खुर्ची तीच, आणि मग म्हणायचे, "पडलो असेन. पंच उगाच कशाला खोटं बोलेल?" — माझंच वाक्य, माझ्या दिशेला तोंड करून. दोन वर्षांनी ते गेले. तोवर प्रत्येक रविवारी मी समोर बसलेला होतो.

त्यांच्या पंचाला निदान कंटाळा तरी आला असेल. मला आला नव्हता, घाईही नव्हती. हरल्यावर त्यांचा चेहरा कसा होतो, एवढंच मला बघायचं होतं.

तो मी बघितला.