कपारदरीचा सहदेव

सहदेवबद्दल लिहायचा मला काडीचाही अधिकार नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण तो गेला, त्याच्या गावात त्याच्याविषयी कागदावर काही उतरवील असं कुणी नाही, आणि जे घडलं ते पुरतं माहीत असलेला मी एकटाच उरलोय. तेव्हा वाचताना माझ्याबद्दल जे मत व्हायचं असेल ते खुशाल होऊ द्या.

मेहकरहून बीबीकडे जाताना डाव्या हाताला एक कच्चा फाटा फुटायचा. फाट्यापासून कोसभर आत सहदेवचं गाव आणि गावाच्या पोटाशी कपारदरी. काळ्या दगडाची अरुंद दरी, मध्यावर जुनी कोरीव गुंफा, आणि अगदी तळाशी एक झिरा. माघ लागला की गावची विहीर आटायची. मग एरवी ऐटीत मिरवणाऱ्या बायकाही कळशा घेऊन त्या झिऱ्यावर उतरायच्या. खाली जायला एकच पायवाट, वर यायला तीच. गुंफेच्या माथ्यावर जो कडा पुढे आला होता, त्याला आग्या मोहोळं लटकलेली असत, एकेक सुपाएवढं.

गाव त्या माश्यांना सांभाळून राहत होतं. कड्याजवळून वरात निघाली की वाजंत्री बंद व्हायची आणि नवरदेवाचा बाप हातातली विडी दगडावर विझवायचा. कुणी कुणाला मोठ्याने हाक मारत नसे. ते कुणी शिकवलेलं नव्हतं, पिढ्यान्‌पिढ्या डंख खाऊन आलेलं शहाणपण होतं.

सहदेव उन्हाळ्यात मध काढायचा आणि एरवी दुसऱ्यांच्या शेतात मजुरी करायचा. मध काढतानाही पोळ्याचा एक भाग तसाच ठेवून यायचा. फाट्यापर्यंत एस.टी. सुरू झाली आणि गुंफा पाहायला शहरातली माणसं येऊ लागली, तसा तो आपोआप वाटाड्या झाला. त्याला कुणी नेमलं नव्हतं. गावाच्या तोंडाशी निंबाखाली तो पाहुण्यांना अडवायचा आणि चक्क त्यांची डोकी हुंगायचा. वासाचं तेल लावलेलं असलं की नाल्यातल्या गढूळ डबक्यावर धुऊन यायला लावायचा. बायकांची डोकी हुंगायचं काम त्याच्या बायकोचं, गोजरबाईचं. ती ठेंगणी, तोंडाने फटकळ. एका साहेबांच्या पत्नीला तिने सरळ सांगितलं होतं, "वास मारते वं बाई तुहं डोस्कं. धुऊन ये, नाहीतं इथंच बस माह्यापाशी." बाई आधी भडकल्या, मग गुपचूप डोकं धुऊन आल्या. कुणी विडीचं बंडल दिलं तर सहदेव ते कनवटीला लावायचा आणि दरीतून वर आल्यावरच सोडायचा.

ह्या दोघांना आम्ही शहाणी माणसं हसत होतो. सगळ्यात मोठ्याने मी.

एकोणीसशे सहासष्टचा फेब्रुवारी होता. तालुक्याच्या शाळेत मी भूगोल शिकवायचो. वय एकोणतीस. अकरावीच्या अडतीस मुलामुलींची सहल घेऊन खास गाडीने आम्ही कपारदरीला पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. निघतानाच उशीर झाला होता, आणि चारला गाडी परत न्यायची होती. निंबाखाली हुंगणं झालं, चौघीजणींची डोकी धुऊन झाली. गोजरबाई त्या दिवशी तिथं नव्हती. हुंगायचं काम शेजारच्या एका म्हातारीने केलं.

"मास्तर, लेकराहिले इथंच थांबवा," सहदेव म्हणाला. "बाया झिऱ्यावर हायेत. कळशा वर आल्या का मंग उतरा."

"किती वेळ लागेल?"

"घंटाभर तरी. पानी बारीक हाय. माही घरवालीबी खालीच हाय."

मी घड्याळ दाखवलं. पुढचा सगळा कार्यक्रम सांगितला. मुलं उन्हात उभी होती, भुकेली होती. सहदेवला मुलांची कणव आली, म्हणून त्याने आपला नियम मोडला. त्या दिवशी त्याच्या हातून एवढी एकच चूक झाली. त्याने आम्हाला गुंफेपर्यंत नेलं, सावलीत बसवलं आणि मला बाजूला घेतलं.

"मी बायाहिले वर घेऊन येतो. तवर आग पेटवू नोका, कालवा करू नोका. माशी पाव्हन्यावर रागावली तं पाव्हना गाडीत जाऊन बसते. मंग माशी खाली उतरते झिऱ्यावर. तिथून पळाले जागा नाही."

इतकं स्पष्ट सांगितलं होतं त्याने. मी मान डोलावली.

तो उतरून गेला. अर्धा तास झाला. मुलांनी शाळेचं मोठं पितळी पातेलं आणलं होतं, तांदूळ-डाळ आणली होती. मी घड्याळाकडे पाहिलं आणि मग बोट ओलं करून वर धरलं. वारा कड्याकडून खाली दरीत वाहत होता. धूर मोहोळांकडे जाण्याचा प्रश्नच नव्हता. भूगोलाचा मास्तर ना मी. एका खेडवळ माणसाच्या सांगण्यावरून अडतीस मुलं उपाशी ठेवायची हे मला पटेना. तीन दगड मांडले. नाल्याकाठची लाकडं ओलसर होती, मुलांना ती पेटवता येईनात, तेव्हा काडी मी लावली. फुंकरही मीच घातली.

खिचडीला आधण आलं आणि वारा फिरला. ऊन चढून दगड तापले की दरीतला वारा उलटा वर चढतो, हे मी स्वतः नववीला शिकवत होतो. फळ्यावर बाण काढून शिकवत होतो. आता डोळ्यांदेखत धूर सरळ कड्याला जाऊन भिडला.

आधी नुसता आवाज आला, लांब कुठेतरी गिरणी सुरू व्हावी तसा. मग कडा काळ्याचा तपकिरी झाला. मी "पळा" म्हणालो. मुलं धावत पायवाट चढली. गाडीच्या काचा लावल्या. मी नावं घेत मोजलं, अडतीस भरली. पाचसहा जणांना डंख होते, एका मुलीचा ओठ सुजला होता. बाकी सगळी धडधाकट होती. मला हायसं वाटलं.

ड्रायव्हर म्हणाला, "मास्तर, तो वाटाड्या खाली राह्यला ना? बायाबी हायेत म्हने."

"त्यांना सवय असते," मी म्हणालो. "तुम्ही गाडी काढा."

गाडी वळली तेव्हा मागच्या काचेतून मला पायवाटेवर दोनतीन लुगडी धावत वर येताना दिसली. मी तोंड फिरवून पुढे पाहू लागलो. त्या संध्याकाळी मुख्याध्यापकांना अहवाल लिहून दिला: 'सहल निर्विघ्न पार पडली. किरकोळ दंश वगळता कुणासही इजा नाही.' अक्षर चांगलं आलं होतं.

दहा दिवसांनी मी पुन्हा त्या गावात गेलो. चौकशीला गेलो असं म्हणायला मला आवडलं असतं. पण पातेलं शाळेच्या मालकीचं होतं, रजिस्टरात नोंद होती, आणि मुख्याध्यापक मागे लागले होते.

सहदेव ओट्यावर बसला होता. तोंड सुजून काळंनिळं झालेलं, एक डोळा अजून उघडत नव्हता. मला बघून तो उठला, घोंगडी झटकून अंथरली, पाणी दिलं. मग हळूहळू सांगितलं. माश्या झिऱ्यावर उतरल्या तेव्हा खाली सात बाया होत्या. शेजारची बेबी सात महिन्यांची पोटुशी, तिला पळता येईना. गोजरबाईने आपलं लुगडं सोडून तिच्यावर टाकलं आणि तिला कवटाळून तशीच बसून राहिली. सहदेव बाकीच्या बायांना पायवाटेला लावून घोंगडी घेऊन परतला तोवर तिच्या पाठीचं कातडं दिसत नव्हतं. बेबी वाचली. गोजरबाईला बैलगाडीत घालून दवाखान्याकडे निघाले. फाट्याच्याही अलीकडे ती गेली.

मला रडू आलं, आणि ते खरं होतं, एवढंच त्या दिवसाचं माझ्या बाजूने सांगण्यासारखं आहे.

"लेकरं समदी पोचली ना मास्तर घरी?" त्याने विचारलं.

"पोचली."

"बरं झालं." तो आत गेला आणि पातेलं घेऊन आला. तळाला लागलेली खिचडी खरवडून, राखेने घासून लख्ख केलेलं. ते माझ्यापुढे ठेवून तो म्हणाला, "लेकरं भुकेजली होती. त्याहिनंच पेटवलं असन. लेकराहिले काय समजते? तुमी तवा कुठं दूर असान."

त्याने हे विचारलं नव्हतं. मला बसायला घोंगडी दिली, तसंच त्याने मला हेही पुढे केलं होतं. 'नाही, काडी मी लावली' एवढंच म्हणायचं होतं. माझी नोकरी, माझं नाव, सगळं क्षणात डोळ्यांपुढून गेलं.

"हो," मी म्हणालो. "मी गुंफेच्या मागे होतो."

"मंग चूक माहीच," सहदेव म्हणाला. "वाटाड्यानं पाव्हन्याले एकटं सोडू नये. लेकराहिची दया आली अन्‌ मी तुमाले खाली नेलं."

मी पातेलं घेऊन आलो.

नंतर आठ वर्षं सहदेव जगला, आणि तो निंबाखाली बसणं सोडेल असं मला वाटलं होतं, पण त्याने ते सोडलं नाही. बायकांची डोकी आता बेबी हुंगायची. मी दर वर्षी एकदा जायचो, गूळ, धोतरजोडी असलं काहीबाही घेऊन. दर वेळी ठरवून जायचो की आज सांगायचं. फाट्यावर उतरेपर्यंत वाक्य पाठ असायचं.

शेवटचा गेलो तो चौऱ्याहत्तरच्या फेब्रुवारीत. सहदेव थकला होता, खोकत होता. तरी अकोल्याकडची दोन कुटुंबं निंबाखाली बसवून त्यांना तो तीच हकीकत सांगत होता. ती ऐकल्याशिवाय आता तो कुणालाही खाली उतरू देत नसे.

"लेकराहिनं आग पेटवली," तो सांगत होता. "त्याहिचे मास्तर तवा दूर होते, नाहीतं त्याहिनं पेटवूच देली नसती. अन्‌ मी वाटाड्या, मी सोडून गेलतो. माही घरवाली माह्या चुकीनं गेली." मग त्याला मी दिसलो. सुजून कायमचा बारीक झालेला डोळा मिचकावत त्याने माझ्याकडे हात केला. "हे पाहा, तेच मास्तर. कोनाची कोन बाई, पन माह्या घरी येऊन रडले. अजूनबी दर साली येतेत. असे पाव्हने पाह्यजेत."

सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. त्यांच्यातल्या एका वयस्क बाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मला हात जोडले.

मी उलट नमस्कार केला.