नासलेले मोड

काल पालघरच्या घरी सुनेने चाळणीवरचं ओलं फडकं उचललं आणि मुळ्याच्या कोवळ्या मोडांचा उग्र वास नाकात शिरला. मी थेट बोईसरच्या आमच्या जुन्या खोलीत पोचले.

बाबा तिथे रसायनांच्या कारखान्यात होते. एकदा वायुगळतीत सापडले आणि तेव्हापासून त्यांना कसलाच वास येईना. वास यायला लागेपर्यंत कामावर जायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून आई घरीच मुळ्याच्या बियांना मोड आणायची आणि रोज सकाळी त्यांच्या नाकाशी धरायची. बाबा नुसती नकारार्थी मान हलवायचे.

एके दिवशी उकाड्याने मोड नासले होते. खोलीभर कुजका दर्प पसरला होता. आई ते टाकायला निघाली, तेवढ्यात बाबांनीच चाळणी ओढून घेतली आणि खोल श्वास घेतला.

"आला गं वास! काय ताजे आहेत! उद्यापासून ड्युटीवर जातो."

मला हसू आलं. वाटलं, बाबा गंमत करताहेत. आईने डोळ्यांनीच मला गप्प केलं.

"बरं झालं," ती म्हणाली आणि मोरीत जाऊन कितीतरी वेळ फडकं धूत बसली. घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं. तिच्या त्या 'बरं झालं'चा अर्थ मला आई झाल्यावर कळला.

त्याच वर्षी पावसाळ्यात कारखान्यात पुन्हा वायू सुटला. वास येताच बाकीचे बाहेर पळाले. बाबा टाकीपाशी काम करत राहिले.