साडूंचे साडेचार

एकोणीस सप्टेंबर, गुरुवार, सकाळचे सव्वादहा. रक्कम शंभर युरो, माणशी पंचवीस. हजर माणसं पाच: मी, माझी बायको, तिची थोरली बहीण, त्या बहिणीचे यजमान म्हणजे माझे साडू, आणि व्हिएन्नाच्या जुन्या शहरातली जुनी घरं दाखवणाऱ्या एक वयस्क गाईडबाई. पैसे साडूंनी कार्डाने भरले. माझ्या वाट्याचे पन्नास मी तिथल्या तिथे त्यांच्या हातात रोख ठेवले.

त्या शहराच्या मध्यभागाची एक गंमत आहे. बाहेरून घराचा मोठा दरवाजा दिसतो. तो ढकलून आत गेलं की अंगण, अंगणाच्या पलीकडे आणखी एक दरवाजा, आणि त्यातून बाहेर पडलं की आपण भलत्याच गल्लीत. काही अंगणं सर्वांना खुली असतात, काहींची किल्ली अशा गाईडबाईंकडेच असते. मेव्हणीला, जिला मीही ताईच म्हणतो, ही बंद अंगणं बघायची होती. कॅनडात, रिचमंड हिलच्या घरात बसून तिने सहा महिने नकाशावर खुणा केल्या होत्या. कॅथीड्रल, राजवाडा, घोडागाड्या यांच्याशी तिला फारसं देणंघेणं नव्हतं.

साडू माझ्याहून आठ वर्षांनी मोठे. चाळीस वर्षांपूर्वी पुण्यात त्यांनी जर्मनच्या दोन परीक्षा दिल्या होत्या, त्यामुळे विमानतळापासून पुढारीपण त्यांच्याकडे होतं. आम्ही तिघं मागे, ते दोन पावलं पुढे. मी पाटी वाचली की ते माझा उच्चार दुरुस्त करायचे. गाईडबाई इंग्रजी उत्तम बोलत होत्या, तरी साडूंनी जर्मनच लावून धरलं. शेवटी बाईंनीही दुपारच्या फेरीची वेळ जर्मनमध्ये सांगितली आणि कार्डामागे लिहून दिली: हाल्ब फिअर.

बाईंच्या ऑफिसातून बाहेर आल्यावर साडूंनी आम्हाला समजावलं, "हाल्ब म्हणजे अर्धा, फिअर म्हणजे चार. साडेचार. जेवण निवांत होईल."

मला ठाऊक होतं की ते चुकत आहेत. कॅनडातच किचनर गावात आमचं घर, तिथे शेजारी एक विधवा आजी राहायच्या, त्यांचं माहेर-सासर दोन्ही जर्मन बोलणारं. कुंपणावरून त्या मला शब्द शिकवायच्या. एकदा त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. त्यांनी वेळ सांगितली हाल्ब त्सेन, दहाचा अर्धा. मी साडेदहाला गाडी काढली. आजी साडेनऊची वाट बघून टॅक्सीने निघून गेल्या होत्या, आणि पुढे महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. जर्मन माणूस अर्धा मोजतो तो पुढच्या तासातला, आपण पावणेचार म्हणताना चाराकडे बघतो तसा. आपलं साडे मात्र मागच्या तासावर चढून बसतं. मराठी माणूस शब्दाला शब्द लावायला गेला की बरोबर एक तास चुकतो.

तेव्हा मी बोललो नाही, कारण रस्त्यात चारचौघांत दुरुस्ती कशाला, जेवण झाल्यावर सांगू असं ठरवलं. खरंच ठरवलं होतं.

जेवून आम्ही एका कॉफीच्या दुकानात बसलो. शेजारच्या टेबलावरचं जोडपं पुण्याहून आलेलं निघालं. कॅनडात कोण कधी आलं याची चौकशी झाली आणि साडूंनी माझ्याकडे बोट केलं.

"हा आमच्या बेसमेंटमधून पास आऊट झालेला. चार महिने होता. कुकर लावायलासुद्धा आम्हीच शिकवलं."

जोडपं हसलं. ही गोष्ट मी बावीस वर्षं ऐकतो आहे. गणपतीत, बारशात, माझ्या स्वतःच्या घराच्या वास्तुशांतीतसुद्धा ऐकली. तिच्यात नवीन भर फक्त कुकरची. मी घड्याळ बघितलं. तीन वाजून वीस मिनिटं. गाईडबाईंचा दरवाजा तिथून पाच मिनिटांवर होता.

मी आणखी एक कॉफी मागवली.

ती येईपर्यंत साडेतीन झाले. साडू माझ्या शॉवरला लागणाऱ्या गरम पाण्यावर आले होते. ताई पिशवीतून नकाशा काढून बोटाने गल्ल्या मोजत होती. तिच्याकडे मी बघितलं नाही.

चार वीसला आम्ही दाराशी पोचलो. दार बंद. साडू म्हणाले, ही माणसं वेळेआधी एक मिनिट उघडायची नाहीत. पाचच्या सुमाराला दार आतून उघडलं आणि गाईडबाई सहा-सात माणसांसह बाहेर आल्या. साडूंनी जर्मनमध्ये तक्रार सुरू केली. बाईंनी कार्ड मागून घेतलं आणि सगळ्यांना कळेल अशा इंग्रजीत सांगितलं की हाल्ब फिअर म्हणजे साडेतीन, त्यांनी दहा मिनिटं थांबून वाट पाहिली होती, पैसे परत मिळत नाहीत. साडूंचं व्याकरण छान आहे, असंही त्या म्हणाल्या. मागचा एक म्हातारा हसला.

साडूंचा चेहरा लाल झाला. मला आनंद झाला. तो लपवायला मी वर कौलांकडे बघत राहिलो.

 दार लागेपर्यंत ताई त्या फटीतून आतलं अंगण बघत होती. मग तिने नकाशाची घडी घातली.

परतताना बायको माझ्याबरोबर मुद्दाम मागे राहिली. "अहो, आपल्या शेजारच्या आजींचं प्रकरण मला आठवतंय. तुम्हाला माहीत होतं ना?"

मी हो म्हणालो.

"भाऊजींचं तुम्ही बघून घ्या. ताईने काय केलं होतं तुमचं? बेसमेंटच्या जिन्यावर रोज आमटीचं भांडं कोण ठेवायचं?"

 दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमचं विमान होतं. सकाळी नऊला मी एकटाच गाईडबाईंकडे गेलो, वेळ इंग्रजीत विचारली आणि अकराची ठरवून आलो.

अकराला दोघी बहिणी आत गेल्या. साडू आणि मी समोरच्या बाकावर. बराच वेळ त्यांनी घोडागाड्या मोजल्या असाव्यात. मग म्हणाले, "ही म्हणते तुला ठाऊक होतं. एक शब्द बोलला असतास तर काय बिघडलं असतं?"

"बेसमेंटचं भाडं मी दर एक तारखेला चेकने देत होतो. चारही महिने. बावीस वर्षांत एक शब्द बोललात तुम्ही?"

ते घोडागाड्यांकडे बघू लागले. मी समजूत घातली नाही.  साडेबाराच्या सुमाराला ताई पलीकडच्या गल्लीतून बाहेर आली आणि कोणत्या अंगणात विहीर होती, कोणत्या जिन्याला एकशे सात पायऱ्या होत्या, ते आम्हा दोघांनाही सांगत सुटली. साडू मान डोलवत ऐकत होते.

आदल्या दिवशीचे शंभर बुडाले. शुक्रवारी जे दिलं ते असं: पन्नास युरो, रोख, गाईडबाईंच्या हातात, दोघी बहिणींचे. आणखी दोन जागा आहेत, असं बाई म्हणाल्या होत्या. मी नको म्हणालो.