जाऊन-येऊन चार किलोमीटर

आमच्या धंद्यात पहिला भाव कमीच सांगतात. मल्हारगंजात माझं ताडपत्री आणि दोराचं दुकान आहे, स्वतः उभं केलेलं. गिऱ्हाईक विचारतं, ताडपत्री कशी दिली? मी नुसत्या कापडाचा भाव सांगतो. तो ऐकून माणूस पायरी चढतो, बसतो, चहा घेतो. मग हळूहळू त्याला कळतं की शिलाई वेगळी, काठाच्या कड्या वेगळ्या, दोर वेगळा. तोवर त्याला उठायची लाज वाटायला लागलेली असते. मी याला फसवणूक मानत नाही. ज्याला पटत नाही त्याने पायरी चढू नये.

दुसरी एक रीत आहे. माझ्याकडचं गिऱ्हाईक उठून समोरच्या दुकानात भाव विचारायला गेलं की मी दारात येऊन कान खाजवतो. समोरचा समजतो आणि माझ्याहून चढा भाव सांगतो. त्याचं गिऱ्हाईक माझ्याकडे आलं की तो कान खाजवतो. तीस वर्षांत आम्ही दोघं यावर एक शब्द बोललेलो नाही.

हे आधी सांगितलं, कारण या दोन्ही गोष्टी मी दुकानाबाहेर, डोंगरात वापरल्या. सख्ख्या मोठ्या भावावर.

वडील मिलमध्ये कारकून होते. मिलचे पगार थांबले तेव्हा आम्हा दोघांपैकी एकाच्याच शिक्षणाचं जमणार होतं. दादा कॉलेजात होता, मी दहावीला. घरात कोणी काही जाहीर केलं नाही. एका सोमवारी मला शाळेऐवजी एका दोरवाल्याच्या दुकानावर नोकरीला पाठवलं, इतकंच. पुढे दादा सरकारी कचेरीत अधिकारी झाला आणि मी दोर मापत राहिलो. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. मला लागलंय ते वेगळंच.

दादाच्या कॉलेजातली मुलं रविवारी छोट्या लाइनीच्या गाडीने पातालपाणीला, कालाकुंडला जायची. दिवसभर डोंगर तुडवून संध्याकाळी घरी यायची. एकदा तो मला म्हणाला, पुढच्या रविवारी तूही चल. मी मालकाची मनधरणी करून सुट्टी मिळवली. आईने पुऱ्या आणि बटाट्याची भाजी बांधून दिली. मी चपला घालून दारात उभा, आणि दादा बाहेर पडता पडता म्हणाला, "तू राहू दे. तिकडे सगळे कॉलेजचे, तुला अवघडल्यासारखं होईल." अवघडल्यासारखं कोणाला होणार होतं, ते मला त्या वयातही कळत होतं. पुऱ्या मी ओट्यावर बसून खाल्ल्या. सगळ्या.

स्वतःचं दुकान झालं त्या वर्षी मी चांगले बूट घेतले, आणि तेव्हापासून रविवारी इंदुरात कोणाला सापडलो नाही. महूच्या पुढे आपलं माळव्याचं पठार तुटतं आणि खाली निमाड पसरलेला दिसतो, त्या सगळ्या कड्यावरून मी चाललोय. कुठल्या ओढ्याला जानेवारीपर्यंत पाणी असतं, कुठल्या वस्तीवर कुत्री सोडतात, मला विचारा. दादाला मात्र कधी चल म्हटलं नाही. वाट बघत होतो.

तो निवृत्त झाल्यावर एक दिवस आपणहून म्हणाला, "तू जातोस ना रे डोंगरात? मला एकदा ने." मार्चमध्ये तो आणि कचेरीतले दोन मित्र नर्मदेच्या काठाने चालणार होते, ओंकारेश्वरहून महेश्वरपर्यंत, चार दिवस. नोकरीत असल्यापासून त्याच्या मनात होतं ते. त्यासाठी तो रोज बागेत फेऱ्या मारत होता. चढाची सवय व्हावी, म्हणून मी.

जानेवारीतला रविवार होता. चौकात पोहे खाल्ले. दादा पोहेवाल्याला "भिया, सेंव ज़रा ज़्यादा" असं अगदी कॉलेजातल्यासारखं म्हणाला, आणि त्याचा उत्साह बघून मला राग आला. गाडी कड्यावरच्या एका गावाशी लावली, तिथून वाट खाली दरीतल्या कुंडाकडे उतरते. त्याने फोन खिशात घातला तर मी म्हटलं, "ठेव गाडीत, दरीत पडेल." फोनमध्ये पावलं मोजतात, हे मला माहीत होतं.

"किती आहे रे?" त्याने विचारलं.

"कुंडापर्यंत जाऊन-येऊन चार किलोमीटर."

अकरा आहेत. मी अनेकदा मोजलेत. आणि चढ वेगळा.

उतरताना तो मजेत होता. पळसाखाली एक म्हातारा बकऱ्या सोडून दगडावर बसला होता. दादाने कचेरीतल्या हिंदीत विचारलं, "भाई साहब, कुंड कितना दूर है?"

"कुंड? अबी तो बाबूजी, घणो..."

मी दादाच्या मागे उभा होतो. म्हातारा 'खूप लांब' म्हणणार तेवढ्यात मी कान खाजवला आणि मान थोडी हलवली. बकऱ्या राखणाऱ्याला आमच्या बाजाराची खूण कशी कळली, कोण जाणे. त्याने माझ्याकडे पाहिलं, दादाच्या पांढऱ्या टोपीकडे पाहिलं, आणि म्हणाला, "बस, सामने ही है बाबूजी. एक बीड़ी में पहुँच जाओगे."

आमचा समोरचा दुकानदार असं सांगताना गालात हसतो. हा हसला नाही. त्याने तोंड फिरवलं आणि उगाचच एका बकरीला हाक मारली.

परतीच्या चढाला दादा दहा पावलांवर थांबायला लागला. मी पुढे जायचो, सावली बघून बसायचो, पाणी प्यायचो. तो धापा टाकत पोचला की उठायचो आणि चालू लागायचो. त्यामुळे मला विसावा मिळायचा आणि त्याला मिळायचा नाही. डोंगरात चालणाऱ्या कोणालाही हा दुष्टपणा कळेल. दोनदा त्याची पोटरी वळली. दुसऱ्यांदा तो झुडपाला धरून उभा होता. मी वरून म्हटलं, "काय दादा, चार किलोमीटरमध्ये ही हालत?"

तो म्हणाला, "वय झालं रे. माझ्यामुळे तुझा रविवार गेला."

खोटं कशाला बोलू, परतताना गाडीत राऊ गाव येईपर्यंत मला बरं वाटत होतं. तो शेजारी डोळे मिटून बसला होता, बुटांच्या नाड्या सोडलेल्या. राऊ गेल्यावर तो झोपेतच पाय चोळायला लागला. मी गाणी लावली.

तीन आठवड्यांनी वहिनींचा दुकानात फोन आला.

"भाऊजी, डोंगरात काय झालं होतं?"

"काय होणार?"

"नर्मदेला जात नाही म्हणतात. मित्रांना कळवून टाकलं. बूट वॉचमनला दिले. बागेत जाणंही बंद."

"वहिनी, त्याला झेपत नाही त्यात माझा काय दोष?" मी इतक्या जोरात बोललो की समोरचं गिऱ्हाईक ताडपत्रीवरचा हात काढून उभं राहिलं.

संध्याकाळी लोकमान्य नगरला दादाच्या घरी गेलो. दादा भाजी आणायला गेला होता. वहिनींनी त्याची वही पुढे केली. त्याला सगळं लिहून ठेवायची सवय. बाग, सहा फेऱ्या, तीन कि.मी., पाऊण तास. राजवाडा पायी जाऊन-येऊन, सात कि.मी., गुडघा ठीक. रोजची ओळ. शेवटची अशी होती: डोंगर, चार कि.मी., पाच तास दहा मिनिटं. पुरे.

त्याखाली कोरी पानं.

मी त्याला फक्त दमवायला निघालो होतो. पण दादाने माझा आकडा खरा धरून स्वतःचा हिशेब मांडला होता. पाच तासांत चार किलोमीटर चालणारा माणूस नर्मदाकाठी कशाला जाईल?

त्या दिवशी दादा भाजी घेऊन यायच्या आत मी निघून आलो. मग स्वतःशीच घासाघीस सुरू झाली. म्हटलं, त्याला पुन्हा एखाद्या सोप्या वाटेने नेऊ, धीर येईल, सांगायची गरज नाही. फोन केला. तो म्हणाला, "नको रे. तुझा अजून एक रविवार कशाला?" म्हटलं, वहिनींना सांगू, त्या सांगतील. तेही अर्ध्यावर सोडलं. आठवडाभर दुकानात सगळ्यांवर ओरडत होतो. आणि यातली सगळ्यात वाईट गोष्ट ही, की मनात एक आवाज अजून म्हणत होता, कळू दे त्यालाही, घरी बसणं काय असतं ते.

शेवटी गेलो तोवर मार्च लागला होता, आणि त्याचे मित्र आदल्या दिवशीच ओंकारेश्वरला निघून गेले होते. दादा जेवणाच्या टेबलाशी मेथी निवडत होता. मी समोर बसलो. त्याने एक जुडी माझ्याकडेही सरकवली.

"दादा, ते अकरा होते."

"काय अकरा?"

"किलोमीटर. त्या दिवशीचे. चार नव्हते."

त्याने दोन-तीन काड्या मोडल्या. "तुला नंतर कळलं का?"

माझ्यासारख्या माणसाला संधी ओळखायला वेळ लागत नाही. तो स्वतःच मला सोडवत होता. नुसती मान हलवायची होती.

"नाही," मी म्हटलं. "आधीपासून माहीत होतं."

"आणि तो बकऱ्यांवाला?"

"त्याला मी मागून खूण केली."

मग त्याचे हात थांबले. अंतरापेक्षा हे त्याला जास्त लागलं, असं मला दिसलं. "का?" तो म्हणाला.

मी पुऱ्यांचं सांगितलं. चपला, दार, ओटा, अवघडल्यासारखं होईल. सांगताना आवाज चढला, माझा चढतोच. स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली.

"मी असं म्हणालो?"

"म्हणालास."

"म्हणालो असेन."

बस, इतकंच. मी ती गोष्ट इतकी वर्षं जपून ठेवली होती आणि त्याला ती आठवतही नव्हती. त्यावर भांडता आलं असतं. माझी तक्रार अजून खरी आहे, हे मी आजही म्हणेन. पण त्या टेबलावर ती मांडायची जागा मीच घालवून बसलो होतो.

दादा उठला, वही घेऊन आला. चष्मा लावून चारावर काट मारली आणि अकरा लिहिले. 'पुरे' तसंच ठेवलं. मग बोटाने ओळ धरून म्हणाला, "पाच तासांत अकरा. चढासकट. अगदीच वाईट नाही."

"नाही. मला एकट्यालाही साडेतीन तास लागतात."

त्याने चष्म्यावरून पाहिलं. "खरं?"

"खरं," मी म्हटलं. खरंच होतं. पण माझ्या शब्दावर न थांबता त्याने आत हाक मारून वहिनींना सांगितलं, "याच्या घरी विचार गं, रविवारी हा किती वाजता परत येतो?"

वॉचमनकडून बूट परत मागायला तो तयार नव्हता. नवे घ्यायला आम्ही दोघं गेलो. दुकानदाराने भाव सांगितला, मी तोंड उघडलं, आणि दादाने माझ्या दंडावर हात ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाला सांगितल्या भावात काही घेताना पाहिलं.

आता तो महिन्यातून दोन रविवार माझ्याबरोबर येतो. फोन त्याच्या खिशात असतो. पुढच्या वर्षी नर्मदेचं बघू म्हणतो, मित्रांना अजून काही बोललेला नाही. पुऱ्यांचा विषय पुन्हा निघाला नाही. फक्त एकदा वहिनींनी डबा दिला, त्यात पुऱ्या होत्या, आणि दादाने तो आधी माझ्याकडे सरकवला.

वाटेत कोणी भेटलं, की तो अंतर विचारायला थांबतो. एकाला विचारून भागत नाही, पुढे दुसऱ्यालाही विचारतो. विचारायच्या आधी मला म्हणतो, "तू हो पुढे." रागाने नाही म्हणत. मी वळणापर्यंत जातो, त्यांच्याकडे पाठ करून उभा राहतो, आणि दोन्ही हात खिशात घालून ठेवतो.