पेवात बसलेली वाफ

"पावनं, माघारी फिरा! कंदील इजला!" सासरे पेवाच्या तोंडाशी ओणवे होऊन ओरडत होते, आणि मी कमरेपर्यंत आत उतरलो होतो.

लग्नाला जेमतेम सहा महिने झालेले, कऱ्हाटीची सासुरवाडी, साल पन्नासच्या पुढचं. पेव म्हणजे ज्वारी साठवायचं जमिनीखालचं कोठार. तोंड माणूस कसाबसा शिरेल एवढं, पोट मात्र असं की आमची इंदापूरची कचेरी शिक्क्यांसकट आत मावली असती. मी तिथला कारकून. सकाळी तोंडावरची फरशी काढून सासरे म्हणाले होते, "उद्या उतरू. आत वाफ बसलीया." मी आख्ख्या आळीसमोर, बायकोकडे तिरकं बघत, जाहीर केलं, "वाफ कसली, मामा? ज्वारी आत्ता काढतो!" आता माघार घेतली असती तर जन्मभर 'कारकुंडा' म्हणूनच हाक पडली असती.

"वाऱ्यानं विझला असेल," मी ठोकून दिलं. जमिनीच्या पोटात वारा! कंदील पुन्हा पेटवून दोरीनं खाली सोडला. अर्ध्यात गेला आणि गप्प.

"रॉकेल संपलं असेल."

सासऱ्यांनी माझ्या काखेखालून मोटेचा नाडा, विहिरीवरचा तो जाड दोर, बांधला. मी उतरलो. पुढचं मला आठवतं ते असं: कानात शंभर ढोल वाजले, आणि शेषनागानं जातीनं येऊन विचारलं, "कुठल्या खात्यात?" बघणारे म्हणतात, मी दोन हातही खाली गेलो नव्हतो. मला ओढायला मात्र चार गडी आणि मोटेचा एक बैल लागला, हे खरं. बैलाला विचारा.

ती वाफ म्हणजे कार्बन डायऑक्साइड. कोंडलेलं धान्य श्वास टाकतं, तो जड वायू तळाशी बसून राहतो. पृथ्वी तापवण्यात सगळ्यात मोठा वाटा त्याचाच, असं आता पेपरात वाचतो आणि छाती फुगते. आमची जुनी ओळख! दुसरा नंबर मिथेनचा. गुरांच्या ढेकरांतून, कुजत्या शेणातून निघणारा. मापाला माप लावलं तर तो कितीतरी तापट, पण दहाबारा वर्षांत बिऱ्हाड हलवतो. मग खत घातलेल्या रानातून उठणारा नायट्रस ऑक्साइड. कार्बन डायऑक्साइड मात्र घरजावई. स्वभावानं त्यातल्या त्यात थंड, पण गोतावळा अफाट, आणि एकदा बसला की शतकं उलटली तरी बूड हलवत नाही.

तर मी बाजेवर पडलेलो. नाकाशी फोडलेला कांदा, उशाशी ताक, भोवती आळी, आणि सासूबाई देवाला नारळ बोलतायत. एवढा मान मला वरातीतही मिळाला नव्हता. मी सांगत सुटलो, वाफेशी कसा घटकाभर झुंजलो, तिला कशी लोळवली, ती कशी पाया पडली.

बायको पदरानं वारा घालत होती. सगळं ऐकून घेतलं तिनं.

"ज्वारी आतच हाय," ती म्हणाली.